सामूहिक वनहक्क मिळाला, आता जंगलाचं काय करायचं?

तुमच्या गावाचा सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरण्याचा आणि राखण्याचा दावा मंजूर झाला, मनापासून अभिनंदन. तुम्ही लिहिलंय की ग्रामसभेत दोन तट पडलेत. एकांना बांबू आणि तेंदू (विडीची पानं) ठेकेदाराला देऊन पैसा हातात हवाय, दुसऱ्यांना पाच वर्षं जंगलाला हात लावायचा नाही. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या ग्रामसभांसोबत बरीच वर्षं काम केल्यावर मला दोन्ही पटत नाहीत. जंगल पूर्ण बंद केलं की लोक चोरून तोडू लागतात, कारण सरपण आणि मजुरी तिथूनच येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने तुम्हाला वापराइतकाच राखण्याचा आणि व्यवस्थापनाचाही हक्क दिलाय. म्हणून काय विकायचं हे ठरवण्याआधी काय तोडायचं नाही ते ठरवा.

सुरुवात बांबूपासून करा. एका गावात पहिल्याच वर्षी तोडीची मजुरी नगावर ठेवली होती. मजुरांनी सोपा दिसेल तो, म्हणजे कोवळा बांबू कापला. पुढच्या पावसाळ्यात त्या बेटांतून काठीएवढे बारीक बांबू आले. मी तेव्हा तिथे होतो आणि अडवलं नाही, याची खंत अजून आहे. नव्या कोंबाला बळ मिळतं ते शेजारच्या एक-दोन वर्षांच्या बांबूंकडून. ते ठेवायचे आणि तीन वर्षांवरचे काढायचे. कोंब बेटाच्या बाहेरच्या अंगाला फुटतात, म्हणून जुना माल आतून काढावा. तोड जमिनीलगत पण पेराच्या वर. पावसाळ्यात तोड बंद म्हणजे बंद. वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, खायला काढायचे असतील तर किती आणि कुठल्या बेटातून, तेही ग्रामसभेत बोलून घ्या, नाहीतर भांडण तिथूनच सुरू होतं.

तेंदूचा प्रश्न जास्त अवघड आहे. चांगली कोवळी पानं यावीत म्हणून झुडपं छाटतात आणि बऱ्याच ठिकाणी आगही लावतात. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये १,००६ हेक्टरवर हक्क मिळाला. त्या गावाने याच कारणासाठी तेंदूपत्ता तोडायचा नाही असं ठरवलं. झाडं वाढली की टेंभरं लागतात. ती माणसं खातात, पाखरं-अस्वलंही खातात. पण पाचगावकडे बांबूचं उत्पन्न होतं, हे विसरू नका. तुमच्या गावात मे महिन्यातला रोख पैसा तेंदूवरच येत असेल, तर गरीब घरांना 'सोडा' म्हणणं अन्याय ठरेल. तिथे मी म्हणेन, छाटणी काही भागापुरती ठेवा आणि आग मात्र कुठेच नको. तेंदू घेणाऱ्याशी करार करताना ही अट कागदावरच घाला.

आगीबद्दल थोडं कठोर बोलतो. मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि वणवा तिथून पसरतो. मोहाची रोपं जळतात, म्हणून कित्येक गावांत म्हातारे मोह आहेत आणि तरणा एकही नाही. पालापाचोळा गेला की पावसाचं पाणी मुरत नाही, माती नाल्यात जाते आणि उन्हाळ्यात झरा आटतो. पाला झाडून बाजूला करावा किंवा झाडाखाली जुनी लुगडी, जाळी अंथरावी. फूलही स्वच्छ मिळतं. बांबूच्या उत्पन्नातला काही वाटा जाळरेषा (वणवा अडवणारे साफ केलेले पट्टे) काढायला आणि उन्हाळ्यातल्या राखणदारांच्या मजुरीला आधीच काढून ठेवा, उरेल तेव्हा देऊ असं म्हणू नका. चारोळीसाठी फांद्याच तोडणं आणि मधासाठी अख्खं पोळं जाळणं, याबद्दलही आताच नियम करा.

पाचगावने सुमारे ३४ हेक्टर देवराईसारखं पूर्ण राखून ठेवलंय. तुम्हीही नाल्याच्या उगमाभोवतीचा तुकडा तसा ठेवा. त्याची हद्द माणसांसोबत फिरून ठरवा, नुसती नकाशावर नको. बायकांना बरोबर घ्या. कुठला मोह कधी फुलतो, कुठल्या झऱ्याला मेमध्ये पाणी असतं, हे त्यांनाच नेमकं माहीत असतं.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला जमलं तर एक दिवस नक्की जाऊन या. सुमारे १,८०० हेक्टरवरचा हक्क त्यांना २००९ मध्ये मिळाला आणि बांबू जंगलाबाहेर नेण्यासाठी लागणाऱ्या वाहतूक परवान्याचं पुस्तक २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती आलं. तिथे बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने ठरतं. तुमच्याकडचे दोन तट बघता मला हीच पद्धत सुचवावीशी वाटते. वेळ लागेल, तीन-तीन बैठका होतील. पण मतदानात हरलेला तट रात्री कुऱ्हाड घेऊन जंगलात जातो, हे मी पाहिलंय.

ठेकेदार आत्ताच दारात असेल तर सही करू नका. आधी बेटं मोजा: प्रत्येकात यंदाचे किती, गेल्या वर्षीचे किती आणि जुने किती. आकडे इथे टाका, तोडीचं गणित आपण मिळून करू.