अमेरिकेत एबीए थेरपीची (ऑटिझम असलेल्या मुलांसाठीच्या वर्तन-उपचारांची) प्रॅक्टिस काढतेयस? आधी कागद

अगं, जागा भाड्याने घ्यायची घाई नको. विमा कंपन्यांकडून पैसे मिळायचे तर आधी एनपीआय, म्हणजे उपचार देणाऱ्यांचा सरकारी ओळख क्रमांक, काढ: तुझा स्वतःचा टाइप १ आणि प्रॅक्टिसचा टाइप २. मग सीएक्यूएचचं, म्हणजे विमा कंपन्या जिथून तुझी माहिती बघतात त्या ऑनलाइन नोंदणीचं, प्रोफाइल भर. तिथली माहिती साधारण दर १२० दिवसांनी पुन्हा तपासून 'बरोबर आहे' म्हणावं लागतं, विसरलीस की गाडी अडली. माझा विमा कंपनीकडचा अर्ज दोन महिने रखडला तो पत्त्यातल्या 'सूट २०४'पायी: डब्ल्यू-९ या कराच्या फॉर्मवर होतं, अर्जात नव्हतं. एवढंसंच! आणि क्रेडेन्शियलिंग (विमा कंपनीने केलेली तुझ्या पात्रतेची पडताळणी) झालं म्हणजे कंपनीच्या नेटवर्कमध्ये आलीस असं नाही, करार वेगळा. तो कधीपासून लागू, ते लेखी घे. त्याआधीच्या सेशनचे पैसे बहुतेक कंपन्या देत नाहीत. तीन-चार महिने सहज जातात. पंधरवड्याला फोन कर, रेफरन्स नंबर टिपून ठेव.