कोटेशन रास्त आहे का, आणि ते आत्ताच परवडते का

सप्रेम नमस्कार.

भांडुपमधील 610 चौरस फूट कार्पेटच्या टू बीएचके फ्लॅटसाठी डेकोरेटरने दिलेले 9,80,000 रुपयांचे कोटेशन आपण पाठवले आहे. ते रास्त आहे का, आणि त्यासाठी 12 लाखांच्या मुदत ठेवी मोडाव्यात की पाच लाखांचे वैयक्तिक कर्ज काढावे, असे आपण विचारले आहे. कोटेशन मी ओळ न ओळ वाचले. माझ्या मते त्यातील खोट दरांपेक्षा मापांत आणि मटेरियलच्या वर्णनात अधिक आहे, आणि ती दूर झाली तरी सगळे काम एका दमात करणे आपल्याला आज झेपणारे नाही.

मोठ्या बेडरूमच्या कपाटाचेच पाहा. रुंदी 7 फूट आणि जमिनीपासून छतापर्यंत उंची 9 फूट, म्हणजे 63 चौरस फूट, हे बरोबर आहे. पण लगेच पुढच्या ओळीत 'लॉफ्ट, 7 गुणिले 2, 14 चौरस फूट' असे पुन्हा धरले आहे. हा लॉफ्ट त्या नऊ फुटांच्या आतच येतो. चौरस फुटाला 1,400 रुपयांप्रमाणे 19,600 रुपये दोनदा लागले. दुसऱ्या बेडरूमच्या सहा फुटी कपाटातही हेच झाले असून तिथे 16,800 रुपये जास्त आहेत. रविवारी टेप घेऊन आपण दोघांनी स्वतः मापे घ्यावीत, आणि रंगकामाच्या मापातून दारे-खिडक्या व कपाटांमागे झाकली जाणारी भिंत वजा केली आहे का, तेही तपासावे. इलेक्ट्रिकच्या कामाला नुसते 'एकरकमी 85,000' लिहिले आहे. तिथे पॉइंट किती, वायर आणि स्विच कोणत्या कंपनीचे, हे लिहून मागावे.

'उत्तम वॉटरप्रूफ प्लाय' या शब्दांना मात्र काहीच अर्थ नाही, हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघराच्या कोटेशनमध्ये हेच शब्द होते, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात सिंकखालच्या कपाटाची तळफळी इतकी फुगली की नखाने तिचे पापुद्रे निघू लागले. कंत्राटदाराकडे तक्रार केली तेव्हा दाखवायला माझ्या हातात नेमके काहीच नव्हते. म्हणून स्वयंपाकघरासाठी आणि बाथरूमच्या भिंतीला लागून येणाऱ्या फर्निचरसाठी भारतीय मानक आयएस 710 च्या दर्जाचे, ओलावा सोसणारे मरीन प्लाय, कोरड्या जागी आयएस 303, शिवाय जाडी, कंपनी, लॅमिनेटची जाडी, बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनेल, हे सारे कागदावर हवे. माल आला की प्रत्येक शीटवरचा आयएसआयचा शिक्का पाहावा. एवढे लिहून झाल्यावर त्याच मापांवर आणि त्याच मालावर आणखी दोन कोटेशने घ्यावीत. त्याआधी 1,400 हा दर महाग की स्वस्त, हे ठरवण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे, कारण तीन डेकोरेटर तीन वेगळ्या वस्तूंचे भाव सांगत असतात.

कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात 'कर वेगळा' असे आहे. 18 टक्के जीएसटी धरला की आकडा 11,56,400 रुपये होतो. बिल नको असेल तर कर लागणार नाही, असे त्यांनी सुचवल्याचे आपण लिहिता. कृपया तो मार्ग धरू नये. कर चुकवणे गैर आहेच, शिवाय उद्या ग्राहक आयोगाकडे जायची वेळ आली तर बिलाशिवाय आपली बाजू लंगडी पडते.

आता पैशांकडे येतो. बारा लाखांतून ही रक्कम गेली की हाती 43,600 रुपये उरतात, आणि गृहकर्जाच्या हप्त्यासह आपला महिन्याचा खर्च 95,000 आहे. दोघांपैकी एकाचीही नोकरी अडचणीत आली तर पंधरा दिवससुद्धा निभणार नाहीत, ही गोष्ट मला कोटेशनमधल्या चुकांपेक्षा जास्त गंभीर वाटते. सहा महिन्यांच्या खर्चाचे 5,70,000 बाजूला ठेवले की वापरायला 6,30,000 उरतात. पाच लाखांच्या कर्जाला 12 टक्क्यांनी पाच वर्षे महिन्याला सुमारे 11,100 रुपये हप्ता बसेल आणि व्याजापोटी 1,67,000 च्या आसपास जातील. फॉल्स सीलिंगसाठी एवढे व्याज भरावे, असे मला वाटत नाही.

त्याऐवजी फॉल्स सीलिंग व भिंतींचे पॅनेलिंग (2,35,000) आणि दुसरी बेडरूम (2,10,000) पुढे ढकलावी. उरलेल्या 5,35,000 मधून दोनदा धरलेले 19,600 वजा करून कर मिळवला की 6,08,172 होतात, आणि ते ठेवींत बसतात. सोसायटीची अनामत आणि डेब्रिज उचलण्याचा खर्च कोटेशनमध्ये नसेल, तर तोही उरलेल्या रकमेतून निघेल. दुसऱ्या टप्प्याला, तिथले जास्तीचे 16,800 वजा करून, करासह साधारण 5,05,000 लागतील, आणि महिन्याला 40,000 शिल्लक टाकण्याची आपली सवय टिकली तर ते तेरा महिन्यांत जमतील. फक्त सीलिंगच्या दिव्यांसाठी लागणारे पाइप आणि वायरिंग आत्ताच करून घ्यावे, नाहीतर रंगवलेल्या भिंती पुन्हा फोडाव्या लागतील.

डेकोरेटरने मागितलेले आगाऊ 60 टक्के, म्हणजे 5,88,000 रुपये, सुताराने एक फळीही कापण्याआधी देऊ नयेत. सुरुवातीला 15 टक्के, मग माल घरात आल्यावर आणि कपाटांचे सांगाडे उभे राहिल्यावर ठरलेले हप्ते, आणि दारे-ड्रॉवर नीट चालतात हे महिनाभर वापरून पाहेपर्यंत किमान 10 टक्के हातात, असे लेखी ठरवावे. यावर डेकोरेटरचे जे उत्तर येईल ते दुरुस्त मापांसह मला कळवावे. ठेवी मोडण्याचा अर्ज तोवर बँकेत देऊ नये.