मधुमेहाच्या गोळीने शुगर कमी झाली तर हृदयावर परिणाम होतो का?

तुम्ही विचारलंय, आईला ग्लिमेपिराइड चालू आहे, शुगर उतरली की छाती धडधडते, ती नुसती भीती की हृदयाचं काही? भीती नाही. परिणाम होतो. "शुगर कमी झाली तर बरंच की!" म्हणणारा एक दादा आमच्याही घरात आहे, म्हणून लिहायला बसले.

बाबा ७४ वर्षांचे. सकाळी गोळी आणि संकष्टीचा उपास, दोन्ही कधी चुकत नाही. उपासाला वाटीभर खिचडी खायचे, ती दादाने बंद केली; साबुदाण्याने शुगर वाढते म्हणे. गोळी मात्र तेवढीच. चंद्रोदय नऊच्या पुढे. सातच्या सुमाराला बाबा देवघरासमोर पाटावर बसलेले, सदऱ्याची पाठ घामाने चिंब, हात थरथरतायत आणि मला आत्याच्या नावाने हाक मारतायत. दादा "अटॅक आलाय" म्हणत गाडीची किल्ली शोधत सुटला. मी ग्लुकोमीटर काढला. ४८! शुद्धीवर होते, गिळता येत होतं, म्हणून तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. तेवढ्यातही दादा मागून, "अगं, डायबेटिसवाल्याला साखर?" पंधरा मिनिटांनी ७९. मग दवाखान्यात नेलं. ईसीजीत मधूनमधून जादा ठोके दिसत होते. या गोळीचा अंमल दिवसभर राहतो, शुगर पुन्हा उतरू शकते, म्हणून रात्रभर ठेवून घेतलं.

होतं असं की शुगर ७०च्या खाली जायला लागली की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं. धडधड, घाम, थरथर त्यातूनच. त्याच वेळी रक्तातलं पोटॅशियम उतरतं, ईसीजीतलं क्यूटी अंतर, म्हणजे एका ठोक्यात हृदयाला आकसून पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ, लांबतं आणि ठोक्यांची लय बिघडू शकते. तरणं हृदय बहुतेकदा निभावून नेतं. आधीच ब्लॉकेज असेल तर तेवढा ताणही महागात पडतो. आईला बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी असेल तर धडधड जाणवणारही नाही, घाम तेवढा येईल. किडनी अधू असेल तर ग्लिबेनक्लामाइड, ही ग्लिमेपिराइडच्याच जातीची गोळी, नकोच.

दादाचा हट्ट एकच, एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ६च्या खाली. अमेरिका-कॅनडात दहा हजारांवर रुग्णांवर 'अकॉर्ड' नावाची चाचणी झाली. त्यात हेच ६च्या खालचं लक्ष्य दिलेल्या गटात मृत्यू जास्त झाले, म्हणून २००८मध्ये त्या गटाचे कडक उपचार थांबवावे लागले. म्हाताऱ्या माणसाचा रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर मिरवायला नसतो.

आता हेही सांगते, ते मृत्यू शुगर उतरल्यामुळेच झाले असं सिद्ध झालेलं नाही. धडधड आणि घाम खऱ्या अटॅकमध्येही येतो, त्यामुळे शुगर तपासा, पण छातीत दुखत असेल तर साखरपाण्यावर थांबू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका. मधुमेहाचीच व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळीही चालू असेल तर साध्या साखरेने शुगर लवकर चढत नाही, ग्लुकोज पावडर जवळ ठेवा. आणि माझं वाचून गोळी बंद करू नका. डॉक्टरांना आईचे आकडे वेळेसकट दाखवा, उपास करत असतील तर तेही सांगा.

बाबांचं एचबीएवनसी सध्या ७.६ आहे, डॉक्टरांनी मुद्दाम तेवढं ठेवलंय. दादा, वाचत असशील तर भांडायला त्यांच्याकडे जा.