एल्फ आपल्या घरी का येत नाही?

नोव्हेंबरअखेरची थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपली की माझ्याकडे येणाऱ्या आयांच्या बोलण्यात लाल कपड्यांतला एक बाहुला, एल्फ, हमखास डोकावतो. मी न्यू जर्सीत समुपदेशन करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत मराठी कुटुंबं बरीच असतात. दरवर्षी या दिवसांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येतो: "मुलांसाठी ख्रिसमसचं हे सगळं करायलाच हवं का हो?" त्यातल्या एका आईबद्दल आज लिहिते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती आली होती झोपेची तक्रार घेऊन. "ताई, झोप लागत नाही असं नाही," ती म्हणाली, "मला झोपायलाच मिळत नाही." रात्री साडेदहाला पुण्याच्या टीमबरोबर तिचा कॉल असायचा, तिकडे तेव्हा सकाळचे नऊ. कॉल संपायला साडेअकरा व्हायचे. मग ती स्वयंपाकघरात जाऊन एल्फची तयारी करायची. तिने फोनमधले फोटो दाखवले. ओट्यावर मैदा पसरून, मुलं बर्फात लोळून उमटवतात तशी, एल्फने त्यात उमटवलेली परी. पडद्याच्या दांडीपासून फ्रिजपर्यंत लोकर बांधून त्यावरून घसरणारा एल्फ. वाटीभर मार्शमॅलोमध्ये आंघोळ करणारा एल्फ. फोटो सुंदर होते. तिच्या डोळ्यांखाली मात्र काळी वर्तुळं होती.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 2005 साली अमेरिकेत एका आई-मुलीने एक पुस्तक आणि त्याच्यासोबत हा बाहुला विकायला काढला. डिसेंबरमध्ये तो घरी येतो, मुलं त्याचं बारसं करतात. दिवसभर तो शेल्फवर बसून मुलं कशी वागतात ते बघतो, रात्री नॉर्थ पोलला जाऊन सांताला सगळं सांगतो आणि पहाटे परत येऊन घरात दुसऱ्याच ठिकाणी बसतो. मुलांनी त्याला हात लावायचा नाही, नाहीतर त्याची जादू जाते. म्हणजे त्याला रोज रात्री कुणीतरी मोठ्याने हलवायचं, बहुतेक घरांत आईने.

या बाईंनी तीन वर्षांत एल्फबरोबर बरंच काही अंगावर घेतलं होतं. ख्रिसमसपर्यंत रोज एक उघडायचा अशा चोवीस खणांचं अ‍ॅडव्हेंट कॅलेंडर, आणि प्रत्येक खणात घालायला काहीतरी. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळची पेटी, त्यात सगळ्यांचे एकसारखे पायजमे. जिंजरब्रेडचं घर. फोटोचं कार्ड. आणि हे सगळं गणपती, नवरात्र, दिवाळीचा फराळ उरकून झाल्यावर. मी विचारलं, "नवरा काय म्हणतो?" ती म्हणाली, "तो म्हणतो, तुला कोण सांगतंय करायला?"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याच्यापाशी थांबतेच. नवऱ्याला वाटतं आपण बायकोला मोकळीक देतोय. तिच्या कानावर मात्र वेगळंच पडतं: तू करतेस ते फुकटचं आहे, आणि दमलीस तर तो दोषही तुझाच. पुढच्या भेटीला मी त्यालाही बोलावलं.

एका रात्री कॉल लांबला आणि ती एल्फला हलवायला विसरली. पहाटे तीनला दचकून उठली, पण पुन्हा तशीच झोपली. सकाळी पहिलीतला मुलगा धावत आला. एल्फ कालच्याच जागी. मुलगा रडला, आणि रडताना जे बोलला ते तिच्या मनातून जाईना: "तो गेलाच नाही. माझं नाव सांगायलाच गेला नाही."

तिची कोंडी दुहेरी होती. नाही केलं तर पोराला वाटेल आपण वेगळे, कमी. केलं तर साताऱ्याहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणणार, "आपलं सोडून दुसऱ्यांचं कशाला?"

सासूबाईंच्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे. ख्रिसमस केल्यामुळे मुलाची दिवाळी जात नाही. न्यू जर्सीतल्या काही शाळांना आता दिवाळीची सुट्टीही असते. दिवाळी जाते ती आपणच तिला एका शनिवारच्या पार्टीत कोंबतो तेव्हा. आणि नव्या प्रथेचं म्हणाल, तर कुठलीही प्रथा कधीतरी नवीच होती. मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 साली ख्रिसमस साजरा करण्यावर बंदी घातली होती, करणाऱ्याला पाच शिलिंग दंड. अमेरिकेत ख्रिसमसची सरकारी सुट्टी 1870 साली आली. आपला सार्वजनिक गणेशोत्सव टिळकांनी उभा केला 1893 मध्ये. अ‍ॅडव्हेंट कॅलेंडरची गोष्ट तर मला फार आवडते. म्युनिकच्या गेरहार्ट लांगने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती छापून विकायला सुरुवात केली. असं सांगतात की तो लहान असताना आईने एका पुठ्ठ्यावर चोवीस गोड बिस्किटं लावून दिली होती, रोज एक खायची. म्हणजे आज दुकानात रचून ठेवलेल्या त्या खोक्यांच्या मुळाशी एका आईचा पुठ्ठा आहे.

त्यामुळे प्रथा नवी की जुनी, आपली की परकी, यात मी फार शिरत नाही. मूल नेमकं काय मागतंय, ते मला आधी कळायला हवं असतं.

त्या मुलाने दोन वर्षांपूर्वी, बालवाडीत असताना, विचारलं होतं, "एल्फ आपल्या घरी का येत नाही?" ते ऐकून आईच्या पोटात कालवलं आणि तिने त्याच रात्री बाहुला मागवला. मी तिला म्हटलं, "आता त्याला विचार, तुझा एल्फ काय करतो हे तू कुणाला सांगतोस?" उत्तर घेऊन ती पुढच्या आठवड्यात आली. सकाळी वर्गात मुलं गालिच्यावर गोल बसतात, तेव्हा प्रत्येक जण आपापल्या एल्फने रात्री काय केलं ते सांगतं. ह्याच्याकडे सांगायला काहीच नसायचं. त्याला त्या गालिच्यावर बसून बोलायला एक वाक्य हवं होतं, एवढंच. मैद्यातली परी त्याने मागितलीच नव्हती.

यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "फोटो मी आमच्या आयांच्या ग्रुपवर टाकते. मलाही तिथे काहीतरी सांगायला हवं असतं." हे कबूल करायला धीर लागतो. त्या ग्रुपवरच्या चाळीस बायकाही रात्री बाराला हेच करत असतात, आणि दमल्याचा फोटो कुणीच टाकत नाही.

आता एका बाबतीत माझं मत ठाम आहे, ते सांगते. एल्फचं नजर ठेवणं मला मान्य नाही. हा मुलगा रात्री आईच्या कानात म्हणायचा, "हळू बोल, तो ऐकतोय." वाचनाच्या वहीत न वाचलेल्या पुस्तकाचं नाव लिहिलं होतं, ते त्याने आईला सांगितलं नाही, कारण एल्फ समोर होता. आपण लहान असताना जेवत नसलो की "बागुलबुवा येईल" म्हणायचे. तो निदान दाराबाहेर असायचा. हा चोवीस दिवस घरातच बसून असतो आणि वर त्याच्यावर प्रेमही करायचं. 2014 साली कॅनडातल्या लॉरा पिंटो आणि सेलेना नेमोरिन या अभ्यासकांनी नेमकं यावर लिहिलं होतं: हा खेळ मुलांना कुणीतरी सतत आपल्यावर पाळत ठेवणं हे साधंच आहे, असं शिकवतो. तेव्हा अनेकांनी त्यांची चेष्टा केली. माझ्यासमोर बसलेली मुलं बघून मला ते पटतं. मूल चुकलं तर ते आईला सांगता आलं पाहिजे, त्याच्यामध्ये बाहुला येता कामा नये.

मग एल्फला सरळ काढून टाकायचं का? काही वर्षांपूर्वी मी एका दुसऱ्या कुटुंबाला तसंच सांगितलं होतं, आणि तो सल्ला चुकला. त्यांनी एका रात्रीत बाहुला माळ्यावर टाकला. त्यांच्या मुलीला वाटलं, आपण वाईट वागलो म्हणून तो सोडून गेला. पुढचे कितीतरी आठवडे ती आईच्या मागे "मी चांगली आहे ना?" म्हणत फिरत होती. तेव्हापासून मी सांगते, सुरू केलेली गोष्ट मुलाला कळेल अशी कारणं देऊन, सावकाश लहान करायची.

इथे आम्ही तसंच केलं. एल्फने मुलाला चिठ्ठी लिहिली, बाबांच्या अक्षरात. हेही मुद्दाम, कारण हे काम आता एकटीचं राहायला नको होतं. चिठ्ठीत होतं की सांताला बातम्या नेण्याचं काम मी सोडलं, आता मी इथे फक्त खेळायला राहणार, आणि मला हात लावलेला चालतो. शिवाय, रोज नाही, फक्त शुक्रवारी रात्री मी जागा बदलणार, असंही त्यात होतं. चोवीस खणांच्या कॅलेंडरमध्ये खाऊऐवजी कागदाच्या चिठ्ठ्या आल्या, त्याही रविवारी बाप-लेकाने एकत्र बसून लिहिलेल्या: आज आजीला फोन, आज रस्त्यावरचं लायटिंग बघायला. पायजम्यांची पेटी तिने ठेवली, कारण ती तिला स्वतःला आवडायची. मला ते कारण पुरेसं वाटलं. आणखी एक गोष्ट मी सगळ्याच पालकांना सांगते: मोठी, महागडी भेट आई-बाबांच्या नावाने द्या, सांताच्या नावाने छोटीच. नाहीतर सांताने एकाला टॅब्लेट दिला आणि दुसऱ्याला रंगपेटी, याचा अर्थ ते दुसरं मूल आपल्या चांगुलपणाशी लावतं.

याच सुमारास ती आमच्या महिन्याच्या पालकसभेला आली. लायब्ररीच्या एका खोलीत दहा-बारा जण बसतात. त्या दिवशी तिथे वसईची एक ख्रिस्ती बाई होती. तिला सगळे म्हणत होते, "तुमचं बरंय, तुमचा तर सणच आहे." ती म्हणाली, "माझाच सण मला इथे ओळखू येत नाही. माझी पोरं एल्फ मागतात. मला नाताळ म्हटलं की गोठा आठवतो आणि मध्यरात्रीची मिस्सा." मग तिने सांगितलं की घरी गोठ्यासाठी पंधरा दिवस आधी पसरट भांड्यात नाचणी पेरायचे. रोज पाणी शिंपडायचं, आणि नाताळपर्यंत हिरवंगार गवत तयार. त्यात गाईगुरं उभी करायची, बाळ येशू मात्र चोवीसच्या रात्रीच ठेवायचा.

माझ्याकडे येणारी आई एकदम म्हणाली, "अगं, आम्ही किल्ल्यावर अळीव पेरायचो!"

त्या दोघी मग बाकी सभा विसरून बियाणं किती वेळ भिजवायचं, माती किती जाड हवी, यावरच बोलत बसल्या. मी मध्ये पडले नाही. मानसशास्त्रज्ञ बार्बरा फीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये कौटुंबिक प्रथांवरच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. दिनक्रम आणि प्रथा यांतला फरक त्यांनी फार छान मांडलाय: दिनक्रम सांगतो की हे काम उरकायचंय, प्रथा सांगते की आपण हे असे आहोत. ते मी वर्षानुवर्षं पालकांना समजावत आले होते, आणि त्या दोघी मातीबद्दल बोलता बोलता माझ्यासमोर तेच सांगत होत्या. एल्फ हलवणं मात्र माझ्याकडे येणाऱ्या आईच्या घरात कामच होऊन बसलं होतं.

तिने इंडियन स्टोअरमधून अळीव आणलं. दिवाळी होऊन महिना झाला होता, पण मुलाला त्याचं काही नव्हतं. बेकिंगच्या ट्रेमध्ये माती घालून त्याने अळीव पेरलं आणि ट्रे खिडकीत ठेवला. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, म्हणून शाळेतून आला की बूटसुद्धा न काढता तो आधी खिडकीकडे जायचा. चौथ्या दिवशी कोंब आले. वर्गातल्या गालिच्यावर त्याने सांगितलं, "आमच्या एल्फच्या पायाखाली गवत उगवलंय."

ख्रिसमसच्या थोडं आधी त्याने आईला विचारलं, "तूच हलवतेस ना त्याला?" तो सातव्या वर्षात होता. सात-आठच्या आसपास बरीच मुलं हे ओळखतात, आणि बहुतेकांना त्याचा फारसा धक्का बसत नाही. आपण ओळखलं याचाच आनंद जास्त असतो. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की आधी विचार, "तुला काय वाटतं?" आणि त्याने पुन्हा विचारलं तर खोटं बोलू नकोस. त्याने पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "हो, मीच. आणि या वर्षी बाबा."

त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग आता मी हलवू?"

दोन दिवसांनी सकाळी तिचा मला मेसेज आला. ती चहा करायला उठली होती. साखरेच्या डब्याचं झाकण उघडलं, तर आत गळ्यापर्यंत साखरेत बुडालेला एल्फ, डोक्यावर अळिवाची दोन पानं. आणि पोरगा दाराआडून बघत होता, तोंडावर हात दाबून.