दसरा-दिवाळीच्या दिवसांत मराठवाड्यातल्या घरात नेमकं काय चालतं?

तुमचा रूममेट लातूरकडचा आहे. सप्टेंबर उजाडला की घरचा फोन ठेवल्यावर तो कधी एकटाच हसत बसतो, कधी न जेवता झोपतो. या दिवसांत त्याच्या घरी असं काय चालतं, आणि दिवाळीत त्याच्या गावी गेलेलं चालेल का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते.

मी औसा तालुक्यातली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, चार एकर कोरडवाहू, घरात सासूबाई, नवरा आणि दोन लेकरं. सासूबाईंना मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा म्हणायचे. एका घराचं सांगते, अख्ख्या मराठवाड्याचा मक्ता माझ्याकडं नाही.

शाळेच्या पुस्तकात शरद ऋतू म्हणजे निरभ्र आकाश आणि टिपूर चांदणं असायचं. आमच्याकडं या दिवसांना सुगी म्हणतात. सुगीत मान वर करायची ती ढग आलेत का बघायला. तुमच्या मित्राला घरून आलेल्या फोनमध्ये पहिल्यांदा तब्येत नाही, सोयाबीन निघतं. जूनमध्ये पेरलेलं सोयाबीन शंभर दिवसांच्या आसपास काढणीला येतं, म्हणजे नेमकं परतीच्या पावसाच्या तोंडावर. वाळून उभं राहू दिलं तर उन्हानं शेंगा तडकतात आणि दाणे मातीत जातात. कापून टाकलं आणि भिजलं तर कोंब फुटतात. मधे जे चार-आठ दिवस मिळतात त्यावर आमचं वर्ष चालतं. म्हणून कापणी पहाटे सुरू करायची, शेंग दवानं मऊ असते तोवर. अकरा वाजले की ऑक्टोबरचं ऊन पाठीवर चटके देतं आणि शेंगा हातातच फुटायला लागतात.

मी कापणीला नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट साडीवर घालते आणि लेकीचे शाळेचे जुने मोजे बोटं कापून हातात चढवते. तरी वाळलेल्या शेंगेचं टोक सुईसारखं आत शिरतंच. शेतात त्याचं काही वाटत नाही. कळतं ते संध्याकाळी, भाकरीचं पीठ मळायला गरम पाण्यात हात घातला की. कालवणाला मीठ टाकायचं तर मी लेकीला हाक मारते, चिमूट ती टाकते. या दिवसांत आमच्या घरातली भाजी कधी खारट, कधी अळणी असते त्याचं कारण हे आहे. नवऱ्याला वाटतं माझं लक्ष नसतं.

याच धबडग्यात दसरा काढायचा असतो. हे तुमच्या मित्राला विचारा, तो हसेल. दसरा काढायचा म्हणजे घटस्थापनेच्या आधी घरातला कपडा न् कपडा धुवायचा, वाकळा-गोधड्यांसकट. भांडी घासायची, भिंती झाडायच्या, उतरंडीच्या तळापर्यंत जायचं. एक भिजलेली वाकळ पिळायला दोन बाया लागतात. दोघी दोन टोकं धरून उलट्या दिशेनं पिळत जातो आणि मधेच कुणाचा तरी हात सुटतो, मग दोघीही ओल्या. आत्यांचं नि माझं वर्षभर काहीबाही वाजत असतं, पण वाकळा पिळताना आम्ही कधी भांडलो नाही. भांडायला हात मोकळे लागतात.

आता २०२० सालचं सांगते, कारण तुम्ही विचारलेलं हसणं आणि न जेवणं दोन्ही त्यात एकदमच आहे.

त्या वर्षी अधिक महिना आला होता, म्हणून नवरात्र उशिरा, १७ ऑक्टोबरला बसलं. आमचं सोयाबीन कापून झालं होतं आणि रानात बनीम लावली होती. बनीम म्हणजे कापलेल्या सोयाबीनचा गोल रचलेला ढीग, वर ताडपत्री. हडंब्याला, म्हणजे मळणीयंत्राला, नंबर लावला होता, दुसऱ्या दिवशी रास, म्हणजे मळणी, व्हायची होती. आणि १४ तारखेच्या रात्री पाऊस आला. सोलापूर, धाराशिव, लातूर, सगळीकडं त्या दोन-तीन दिवसांत धुमाकूळ झाला. वारं असं की ताडपत्रीच्या एका कोपऱ्याचं भोक फाटून दोरी सुटली आणि ती फडफडायला लागली. हे आणि मामा बॅटरी घेऊन रानात गेले. थोड्या वेळानं हे पळत परत आले, म्हणाले दोरी पुरत नाही. आत्यांनी काही न बोलता ट्रंकेतून दोन नऊवारी लुगडी काढली, एकाला एक गाठ मारली आणि दिली. त्यातलं एक त्यांच्या माहेरचं होतं. मी "अहो आत्या" म्हणेपर्यंत ते दारातून बाहेर गेलेलं होतं.

मामा रात्रभर ताडपत्रीच्या सुटलेल्या कोपऱ्यावर बसून राहिले. वजन म्हणून. अडुसष्ट वर्षांचा माणूस, डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ. सकाळी घरी आले तेव्हा हाताची बोटं बाळंतिणीच्या बोटांसारखी पांढरी आणि सुरकुतलेली होती, चहाचा कप धरवत नव्हता. म्हणाले, "वरून वाचलंय."

वरून वाचलं होतं. पाणी खालून शिरलं होतं. दोन दिवसांनी ऊन पडल्यावर बनीम उघडली तर आत हात घालवेना इतकी वाफ, आंबूस वास, आणि प्रत्येक शेंगेतून बोटाच्या पेराएवढा पांढरा कोंब.

त्याच दिवशी घट बसवायचे होते. घटाला माती आपल्याच रानातली लागते. ती एवढी चिकट झाली होती की मी चुलीपाशी पसरून वाळवली, मग चाळली. पत्रावळीवर माती, त्यात धान्य, मधे पाण्याचा घट, वर रोज एक माळ. आमच्याकडं समजूत अशी, की घटाचं धन, म्हणजे त्यातले कोंब, दाट उगवलं तर साल चांगलं जातं. त्या वर्षी ते कसं उगवावं? वीतभर! शेजारच्या बाया बघायला आल्या. आठव्या माळेला आत्या घटाला पाणी घालता घालता थांबल्या आणि म्हणाल्या, "देवीनं या साली दोन्हीकडं घट बसिवलाय. एक घरात, एक रानात."

मामा आधी हसले. मग हे हसले, मग मी. लेकरं कशाला हसायचं ते न कळता हसली. आत्या मात्र हसल्या नाहीत, त्यांनी विनोद केलाच नव्हता. थोड्या वेळानं मामा उठून अंगणात जाऊन बसले, ते जेवायला बोलावलं तरी आत आले नाहीत. दसऱ्याला मात्र नेहमीप्रमाणं घटातलं धन टोपीत खोवून सीमोल्लंघनाला गेले, घरोघर आपट्याची पानं देऊन आले. कोजागिरीला ते दरवर्षी तुळजापूरला चालत जायचे, दोन दिवसांची चाल. दसऱ्यानंतर देवी पलंगावर निजते आणि पौर्णिमेला उठते, त्या दर्शनाला. त्या साली कोरोनामुळं मंदिर बंद होतं. गावाच्या वेशीपर्यंत गेले, तुळजापूरच्या दिशेला हात जोडले आणि परत आले.

पैशाचं थोडक्यात सांगते. हमीभाव ३,८८० रुपये क्विंटल होता. आमचा माल डागी, आडतीवर २,६०० नं गेला. पुढच्या पावसाळ्यात लातूरच्या बाजारात सोयाबीन दहा हजारांवर गेलं, तेव्हा आमच्या घरात बियाण्यापुरतंही नव्हतं. याच्यावर जास्त लिहीत नाही, बीपी वाढतं.

आत्यांचं माहेर किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिथं भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, लोक दमून दगडमातीच्या घरांत झोपले होते. आत्या इकडं सासरी होत्या म्हणून वाचल्या. भाऊ आणि भावजय गेले. अजूनही अनंत चतुर्दशीच्या रात्री आत्या घरात झोपत नाहीत, अंगणात बाज टाकतात. आता आमचं घर सिमेंटचं आहे, पत्र्याचं आहे, त्यांना सांगून उपयोग नाही. लेक त्यांच्याशेजारी झोपते. दोघी गप्पा मारता मारता पहाट करतात, आणि चार वाजून गेले की आत्या झोपतात.

आमच्याकडं दिवाळीला लेकीला न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. दिवाळीच्या आधी चार-आठ दिवस गावातली प्रत्येक सून रस्त्यावर डोळा ठेवून असते, मीही असते. माझा भाऊ यंदा मोटारसायकलवर येणार की एसटीनं, त्यावर किती सामान न्यायचं ते ठरतं. आत्यांना मुराळी नाही. ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, हे तुम्ही ऐकलं असेल. बघितलं नसेल. बीजेचा चंद्र म्हणजे नखाएवढी कोर, दिवस मावळल्यावर जेमतेम तासभर टिकते. म्हणून आत्या दिवेलागणीच्या आधीपासून ताट तयार ठेवतात आणि पश्चिमेकडं तोंड करून उभ्या राहतात. त्यांना आता नीट दिसत नाही. लेक पाण्याच्या टाकीवर चढते आणि ओरडते, "आज्जी, दिसला! लिंबाच्या डाव्या अंगाला!" आत्या त्या दिशेला ओवाळतात. एक वर्षी ढग होते. लेक खोटंच ओरडली. आत्यांनी ओवाळलं. खाली उतरल्यावर लेकीनं माझ्याकडं बघितलं, मी काही बोलले नाही.

(या चंद्रासाठी मीही मागची काही वर्षं माहेरून भाऊबीजेच्या दिवशीच दुपारी परत येते. भावाला त्याचा राग आहे. सकाळी ओवाळते आणि निघते.)

दिवाळी संपली की आमच्या वस्तीवरची चार घरं ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. लेकीच्या वर्गातली एक मुलगी त्यांतली. ट्रक भरताना बघितलाय का तुम्ही? भांडी, सरपण, कोंबड्या, म्हातारं माणूस, सगळ्यात वर लेकरं. ती मुलगी वरून हात हलवत होती, आणि तिच्या हातात आमच्याकडच्या शंकरपाळ्यांची पिशवी होती. पाडव्यानंतरच्या दिवसांत शाळेत एक बाक रिकामा होतो, तो उन्हाळ्यापर्यंत तसाच राहतो.

मामा २०२३ च्या जानेवारीत गेले. त्या साली पाऊसच कमी झाला. म्हणजे बनीम भिजायची भीती नव्हती, कारण भिजण्याएवढं काही आलंच नव्हतं. पितरपाठात पहिल्यांदा त्यांच्या नावाचं पान वाढलं. कढी, वडे, खीर. कावळा काही येईना. आत्या म्हणाल्या, "रानात बसला आसंल ताडपत्रीवर." यांनी ते पान उचलून रानात नेलं, मग आला म्हणे. मी बघितलेलं नाही, त्यांनी सांगितलं ते सांगते.

घरातलं माणूस गेल्यावरच्या पहिल्या दिवाळीला आमच्याकडं कढई चढवत नाहीत. भावकी आणि शेजारी फराळ आणून देतात. धनत्रयोदशीपासून ताटं यायला लागली, प्रत्येकावर रुमाल झाकलेला. पाडव्यापर्यंत घरात अकरा घरच्या चकल्या जमल्या. लेकानं त्या ओसरीवर ओळीनं मांडल्या आणि नंबर द्यायला बसला. कोणाची कडक, कोणाची तेलकट, कोणाची मोडता मोडेना. आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, महिनोन् महिने नुसत्या बसून असायच्या. त्यांनी एक चकली उचलली, दातांत धरली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "ही तुझ्या आज्ज्याच्या भावजयीची. चाळीस साल झाले, मोहन घालायला शिकली न्हाई." आणि हसल्या. असं हसल्या की पदर तोंडाला लावला, आणि मग तो पदर डोळ्यांना लावला. लेकानं त्या चकलीला शेवटचा नंबर दिला.

तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं. जा की. पण दसऱ्याच्या आसपास जाऊ नका, रास व्हायची असेल तर तुमच्याशी बोलायला कुणाला वेळ नसेल, आणि तुम्हाला वाईट वाटेल. जायचं तर लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी पोचा. मित्राला "सोयाबीनला भाव काय लागला" हे घरच्यांसमोर विचारू नका, तो आपण होऊन सांगेल किंवा नाही सांगणार. त्याची आई चौथी भाकरी वाढेल तेव्हा नको म्हणा, पाचवी वाढेल तेव्हाही म्हणा, सहावी खावी लागेल. आणि मिठाईचा डबा नेऊ नका, त्या दिवसांत घरात गोड खाऊन सगळ्यांची तोंडं विटलेली असतात. शहरात हार्डवेअरच्या दुकानात तळव्याला रबर लावलेले हातमोजे मिळतात, स्वस्त असतात. त्यांचे तीन-चार जोड न्या. बायकांच्या मापाचे बघून घ्या, मोठे सैल होतात आणि विळा सटकतो.