मे महिन्यात आई-बाबांना घेऊन सहा दिवस मॉरिशस : राहायचं कुठे?

सोबत आई-बाबा आणि आठ वर्षांची मुलगी, हातात सहा दिवस, तर हॉटेल कोणतं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. हॉटेल नंतर बघा हो, आधी किनारा ठरवा.

आम्ही नेमकं उलटं केलं. एजंटने दाखवलेल्या फोटोंवर भाळून जुलैमध्ये पूर्वेला, बेल मारला राहिलो. तिकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा आणि आग्नेयेचा वारा सरळ त्याच किनाऱ्यावर येतो. वाळत घातलेला टॉवेल दोनदा शेजाऱ्यांच्या गॅलरीतून मागून आणला. आई तर शाल गुंडाळून समुद्राकडे पाठ करूनच बसायची. एक दिवस पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाकला गेलो, तर तिथे पाणी परातीत ओतल्यासारखं निवांत!

मे महिना तुम्ही चांगला निवडलाय. उकाडा सरलेला, जानेवारी ते मार्चचे वादळाचे मुख्य दिवस मागे पडलेले, पाणी अजून उबदार. पण वारा वाढू लागतो, म्हणून पश्चिमेला किंवा उत्तरेला ग्रां बेला राहा. बेट लांबीला जेमतेम ६५ किलोमीटर आहे, तेव्हा दोन हॉटेलांचं पॅकेज गळ्यात मारलं तरी घेऊ नका. वडीलधाऱ्यांसोबत बॅगा भरण्यात अर्धा दिवस जातो. किनाऱ्याला प्रवाळाचं कडं असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी आतलं पाणी उथळ असतं, मुलगी मनसोक्त डुंबेल. फक्त पायात रबरी बूट हवेत, तळाशी काटेरी सी अर्चिन असतात.

शामारेलची रंगीत माती, ल मॉर्नचा डोंगर आणि गंगा तलाव एका दिवसात होतात. तलाव उंचावर आहे, आई-बाबांचे स्वेटर गाडीत ठेवा.

राजधानी पोर्ट लुईला मात्र अर्धा दिवस द्याच, रविवार सोडून. बहुतेक टूरवाले तिथे खरेदीपुरतं थांबवतात. आप्रवासी घाट बघा. १८३४ नंतर हिंदुस्तानातून करारावर आणलेले ऊसमजूर इथेच उतरले. त्यांत रत्नागिरीकडची आपली माणसंही होती. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात, गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. बाबांना हे आवडेल.

बाहेर पडल्यावर गाडीवरची ढॉल पुरी खा. लुसलुशीत पोळी, आत डाळीचं पुरण, पण गूळ नाही! वरून घेवड्यासारख्या दाण्यांची आमटी आणि मिरचीची चटणी. जोडीनेच देतात. आई पहिला घास खाऊन म्हणाली, "अगं, ही गूळ घालायलाच विसरली!" दुसरी जोडी मात्र तिनेच मागितली.

भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. मे महिन्यात सहाच्या आत सूर्य मावळतो आणि बसही लवकर बंद होतात, त्यामुळे फिरायच्या दिवशी ड्रायव्हरसह गाडी घ्या आणि आठलाच निघा.