‘फक्त लेबर रूम’

‘अकरा वर्षे मी फक्त लेबर रूममध्ये काम केले. गेल्या महिन्यात माझी बदली मेडिसिन वॉर्डात झाली. तिथल्या सिस्टर हसत म्हणतात, “तुम्हांला बाळ झेलण्यापलीकडे काय येते?” चवथीला आलेली नणंद म्हणाली, “बाळंतपणे पूर्वी वैजिणी घरीच करायच्या.” माझी वर्षे वाया गेली का?’
– एक परिचारिका, फोंडा

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या कामाची अडचण अशी आहे की ते नीट झाले, तर सांगण्यासारखे काही घडतच नाही. बाळ बाहेर येण्याच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी त्याचे ठोके ऐकणारी, ते मिनिटाला ११०च्या खाली रेंगाळू लागताच डॉक्टरांना हाक मारणारी आणि वार पडल्यावर पोटावर ठेवलेल्या तळहाताला गर्भाशय सैल लागताच, रक्तस्राव ५०० मिलिलिटरपर्यंत पोचण्याची वाट न पाहता हालचाल करणारी सिस्टर नातेवाइकांना दिसत नाही. ते डॉक्टरांचे आभार मानतात, पेढे वाटतात आणि घरी जातात. यात त्यांचा दोष आहे, असे मला वाटत नाही.

नणंदेचे म्हणणे निम्मे खरे आहे. वैजिणींचे हात जाणते होते आणि त्यांच्याशी तुलना झाली, तर मी तरी ती मानाचीच समजेन. मात्र त्या काळी घरोघरी किती बाळंतिणी दगावल्या, हे नणंदेने एखाद्या थोरल्या आजीला विचारून पाहावे.

सहकाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे थोडे कडू बोलते. मेडिसिन वॉर्डात तुम्ही खरोखरच नवख्या आहात. ईसीजी, इन्सुलिनचे डोस, हृदयरोग्यांची औषधे यांचा सराव सुटला असेल, तर इन्चार्ज सिस्टरांना भेटून दोन आठवडे एखाद्या अनुभवी सिस्टरबरोबर ड्यूटी मागा. त्यात कमीपणा नाही. पण त्याच वॉर्डात उद्या बाळंत होऊन दहा दिवस झालेली बाई डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणून दाखल झाली, तर बाळंतपणानंतरही रक्तदाब चढून झटके येऊ शकतात, हे तिथे सर्वांत आधी तुमच्या लक्षात येईल. झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेट हे औषध चालू असताना गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वासाचा वेग आणि लघवीचे प्रमाण का पाहायचे, हे तुम्हांला कुणाला विचारावे लागणार नाही. ते इतरांना शिकवण्याची तयारी त्याच भेटीत इन्चार्जना सांगा, म्हणजे बोलणे केवळ मागण्याचे राहणार नाही.

प्रसूतिकक्षात परतायचेच असेल, तर अर्जही जरूर करा. तुमच्या मूळ पत्रात ‘फक्त लेबर रूम’ हे शब्द तीनदा आले आहेत, आणि ते सहकाऱ्यांचे नाहीत, तुमचे आहेत. अर्जात ‘प्रसूतिकक्षातील अनुभव : ११ वर्षे’ एवढेच लिहा.